वॉकर निवडण्याआधी ते कसे पडतात, हे पाहावे

आपल्या वडिलांना पार्किन्सन्स होऊन सात वर्षे झाली, न्हाणीघराच्या दाराशी ते दोनदा पडले, म्हणून आपण चाके नसलेला ॲल्युमिनियमचा वॉकर आणला आणि तो धरूनही ते मागे कलंडतात, असे आपण लिहिले आहे. आता चार चाकांचा घ्यावा का, असे आपण विचारता. माझ्या यजमानांना हाच आजार आहे, त्यामुळे या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध आहे.

चाके नसलेला वॉकर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर उत्तम असतो. पार्किन्सन्समध्ये मात्र तो बहुधा सोयीचा ठरत नाही. तो प्रत्येक पावलाला उचलून पुढे ठेवावा लागतो, म्हणजे चालण्याची लय दर वेळी तुटते, आणि थांबलेले पाऊल पुन्हा उचलणे हीच तर या आजारातली मुख्य अडचण आहे. शिवाय वॉकर उचलताना शरीराचा भार टाचांवर जातो आणि आधीच मागे झुकणारा माणूस आणखी मागे जातो. चार पायांच्या काठीचेही तसेच आहे. तिचे चारही पाय एकदम टेकले नाहीत तर ती डगमगते. तोल फारसा बिघडला नसेल, तर रबरी टोपी असलेली साधी काठी बरी. चपला घालून हात सैल सोडून उभे राहिल्यावर तिची मूठ मनगटाच्या घडीशी यावी.

चार चाकांचा वॉकर घेण्यास हरकत नाही, पण त्याचे ब्रेक पाहूनच घ्यावा. नेहमीच्या प्रकारात थांबण्यासाठी ब्रेक दाबावा लागतो. वडिलांची पावले लहान होत होत पुढे धावू लागत असतील, तर वॉकरही पुढे पळतो आणि मंदावलेला हात वेळेवर ब्रेक दाबू शकत नाही. उलट्या ब्रेकचाही एक प्रकार मिळतो: मूठ दाबली तरच तो सरकतो, सोडली की जागीच थांबतो. तो जड आणि महाग असतो, तरी अशा रुग्णांसाठी मला तोच अधिक सुरक्षित वाटतो. विकत घेण्यापूर्वी शक्य असल्यास भाड्याने आणून फिजिओथेरपिस्टसमोर चालवून पाहावा.

दाराशी पाय जमिनीला चिकटणे मात्र केवळ वॉकरने सुटत नाही. अशा वेळी हात धरून ओढू नये. वरचे अंग पुढे जाते, पाय तिथेच राहतात. आधी थांबावे, ताठ उभे राहावे, भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा आणि मग मोठे पाऊल टाकावे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी यजमानांचे पाय अडले की मी माझे पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवे ठेवते. ते दिसले की ते ओलांडण्यासाठी त्यांचा पाय आपोआप उचलला जातो. दारापुढच्या फरशीवर पावला-पावलाच्या अंतराने गडद रंगाच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या तरी तोच उपयोग होतो.

वळताना जागच्या जागी गिरकी न घेता अर्धवर्तुळात चालत वळावे. खुर्चीत बसताना गुडघ्यांची मागची बाजू खुर्चीला टेकेपर्यंत वॉकर सोडू नये. बरेचसे पडणे याच शेवटच्या दोन पावलांत होते.

ते केव्हा पडले, हेही लिहून ठेवावे. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असताना पडत असतील, तर ते न्यूरोलॉजिस्टना सांगावे. डोस स्वतःहून बदलू नये. झोपून उठताना पडत असतील, तर आडवे असताना आणि उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजावा. वरचा आकडा 20 किंवा अधिक घसरला, तर तेही डॉक्टरांना कळवावे, कारण अशा चक्करेवर कोणताही वॉकर पुरा पडत नाही.

फ्लॅटमधल्या न्हाणीघराच्या अरुंद दारातून चार चाकांचा वॉकर बहुधा आत जात नाही, म्हणून दाराजवळ आणि कमोडच्या बाजूला भिंतीत पक्के बसवलेले दांडे आधी लावून घ्यावेत. टॉवेलची दांडी अंगाचा भार पेलत नाही. आणि वडील चालत असताना त्यांना काही विचारू नये. उत्तर द्यायला लक्ष वळले की पाऊल अडते.