बाजूच्या खाटेवरची बाई

"मॅडम, दुसऱ्यायच्या घरी चमत्कार होते, आमच्याच घरी काऊन नाई जी?"

गेल्या अठरा वर्षांत हा प्रश्न किती जणांकडून ऐकला, मोजलेलं नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या खेड्यांतून ख्रिस्ती मंडळीतले लोक माझ्याकडे येतात. कुणाची किडनी, कुणाचं कर्ज, कुणाला मूल नाही. बोलता बोलता गाडी इथेच येऊन थांबते, आणि या प्रश्नाआड दुसरा लपलेला असतो: माझाच विश्वास कच्चा आहे का? उत्तरादाखल एक गोष्ट सांगते. नाव आणि खुणा बदलल्या आहेत, सात-आठ महिन्यांचं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

सुनंदाबाईंना त्यांचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, घेऊन आले. खरं तर तक्रार पाळकांचीच होती: "बाईंनी साक्ष देणं बंद केलं." साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं, ते मंडळीसमोर उभं राहून सांगणं.

२०१७ साली आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, ते सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. सुनंदाबाईंचे यजमान त्याच हंगामात डोक्याएवढ्या पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन फवारत होते. घरी आले ते उलट्या करतच. सहा दिवस सरकारी दवाखान्यात ऑक्सिजनवर. इकडे मंडळीने रात्रभर उपास-प्रार्थना धरली आणि सातव्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं. पुढे पाच वर्षं ही साक्ष घरसभांतून फिरली. मग २०२२ च्या पावसाळ्यात बाईंचा १९ वर्षांचा मुलगा डेंग्यूने गेला. मंडळी तीच होती, उपासही तसेच धरले होते.

पहिल्याच भेटीत मी चुकले. म्हटलं, "यजमानांना देवानं वाचवलं, ते आठवा ना."

पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, थांबल्या. "तेच तं आठवते, मॅडम. तवा आयकू गेलं त्याले. पोराच्याच वक्ती कान बंद झाले काय?"

त्यांना धीर देणारं एकही वाक्य मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी ते माझ्याच सोयीचं झालं असतं. त्यानंतरच्या दोन भेटींत मी जवळजवळ काही बोलले नाही. माझा भर तपशिलावर असतो. सभेत शंभरदा सांगून गुळगुळीत झालेली गोष्ट माणसाला फार काळ धरून ठेवत नाही, तिच्यात जे गाळलं गेलं तिथेच गाठ बसलेली असते, असं मी मानते. सोबतचे काही लोक याला वेळकाढूपणा म्हणतात. म्हणोत.

चौथ्या भेटीत मी म्हटलं, "साक्ष मला सांगा, पण सभेत सांगता तशी नको. वॉर्डात काय काय दिसत होतं, ते सांगा."

बाई सांगत गेल्या. विषावर उतारा म्हणून ॲट्रोपिनची इंजेक्शनं. टॉर्च मारून यजमानांच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघणारी सिस्टर. खाटेखाली कागदावर झोपणं. आणि मग: "बाजूच्या खाटंवर एक होता, फवारनीचाच. त्याची बायको हिरव्या लुगड्यातली. आमी दोघीनं एकाच डब्यातली भाकर खाल्ली. चौथ्या राती तिचा गेला."

बराच वेळ पंख्याचा आवाज.

"थे बी रातभर हात जोडून होती, मॅडम. तिच्या देवाले. मी साक्षीत तिले कधी घेतलंच नाई." पुन्हा थांबल्या. "आता थे बाई म्हंजे मीच."

त्या दिवशी मी वहीत एकच ओळ लिहिली: खाटा दोन होत्या. पाच वर्षं बाईंनी चमत्कार हिशेबासारखा सांगितला होता: इतके उपास धरले, इतकं मिळालं. मंडळीलाही तो तसाच ऐकायला आवडत होता. मुलगा गेल्यावर हिशेब चुकला, आणि चूक देवाची की आपली, एवढाच वाद उरला. पण खरी साक्ष पहिल्यापासूनच दोन खाटांची होती.

पुढच्या वेळी मी बायबल उघडलं, आधी मुद्दाम उघडलं नव्हतं. योहानाचा पाचवा अध्याय. बेथेस्दा तळ्याच्या पाच पडव्यांत आंधळे, लंगडे, कितीतरी लोक पडलेले, त्यातला एकच, ३८ वर्षांचा आजारी, बरा होतो. येशू त्याला विश्वासाबद्दल विचारतही नाही. आपल्याला कोणी बरं केलं, हेही त्याला ठाऊक नसतं.

"अन् बाकीचे?"

"बाकीच्यांचं पुढे काय झालं, योहान सांगत नाही."

बाई बोट ओळीवरून फिरवत राहिल्या. "पन लपवत बी नाई," म्हणाल्या.

हे मला सुचलं नव्हतं. हा अध्याय मी इतक्यांदा शिकवला आहे!

मग प्रेषितांची कृत्ये, बारावा अध्याय: हेरोद राजा याकोबाला तलवारीने मारतो आणि त्याच अध्यायात देवदूत येतो, पेत्राच्या बेड्या गळून पडतात. दोघेही येशूचे शिष्य. मंडळी एकच. याकोबासाठी प्रार्थना कमी पडली, असं तिथे कुणी म्हणत नाही.

म्हणून शंकेत असलेल्यांना मी सांगते: तुमच्या घरचा चमत्कार खरा होता, तो धरून ठेवा, पण पुरता सांगा, बाजूच्या खाटेसकट. अर्धा सांगितलेला चमत्कार सुखात विश्वास फुगवतो आणि पहिल्या नकाराला तोच आरोप होऊन उलटतो. पाळकांना सांगते, साक्षीची घाई करू नका, "देवाला तोच आवडला" हे वाक्य तर मातीच्या दिवशी नकोच. त्यापेक्षा स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, तरी बायबलमध्ये आहे. आणि चमत्कारसभेतून आल्यावर गोळ्या फेकू नका. टीबीचं औषध किमान सहा महिने घ्यायचं म्हणजे घ्यायचंच. सुनंदाबाईंचे यजमान ॲट्रोपिननेच वाचले, आणि बाई त्यालाही देवाचंच काम म्हणतात. माझंही तेच मत आहे.

पुढच्या नाताळाआधीच्या रविवारी बाई साक्षीला उभ्या राहिल्या. मी मागच्या बाकावर होते. यजमानांचं सांगितलं, मुलाचं सांगितलं, मध्ये हिरव्या लुगड्यातल्या बाईचंही. पाळकांनी प्रार्थनेसाठी तिचं नाव विचारलं.

"नाव इचाराचंच राहून गेलं, जी," सुनंदाबाई म्हणाल्या. "बाजूच्या खाटंवरची म्हना."