वाचकांचे प्रश्न : शिजोची तिसरी ओळ

प्रश्न : मी काही वर्षे हायकू लिहीत आहे. अलीकडे ‘शिजो’ या कोरियन काव्यप्रकाराविषयी वाचले आणि मराठीत तीन-चार शिजो करून पाहिले. प्रत्येक ओळीत १५ अक्षरे मोजून बसवली, तरी त्या रचना ताणलेल्या हायकूंसारख्याच वाटतात. चूक कुठे होत असावी? शिजोला यमक लागते का?

उत्तर : तुमची अक्षरसंख्या बरोबर आहे, मात्र ओळ सलग मोजल्यामुळे शिजोचा कणाच हातून निसटला असावा. शिजोची ओळ साधारण १४ ते १६ अक्षरांची आणि तीन ओळींची संपूर्ण कविता ४४ ते ४६ अक्षरांची असते हे खरे, पण ती ओळ चार शब्दगटांनी बांधलेली असते. पहिल्या दोन ओळींत हे गट बहुधा ३-४-४-४ असे पडतात, त्यांत एखादे अक्षर कमी-अधिक चालते, आणि दुसऱ्या गटानंतर किंचित थांबावे लागते. अभंगाच्या चरणांची सवय असलेल्या कानाला ही मोजणी परकी वाटू नये.

तिसरी ओळ मात्र वेगळी वागते. तिचा पहिला गट नेमका तीन अक्षरांचा, त्यात सवलत नाही. दुसरा निदान पाचांचा. ओळ अशी आधी आखडते आणि लगेच ऐसपैस होते, आणि कवितेचे वळणही नेमके तिथेच येते. सोळाव्या शतकातील ह्वांग जिनी या कलावंतीण कवयित्रीच्या एका प्रसिद्ध शिजोत ऐन हिवाळ्यातल्या लांबलचक रात्रीची कंबर मधोमध कापली जाते, तो तुकडा वसंताच्या पांघरुणाखाली गुंडाळून ठेवला जातो आणि तिसऱ्या ओळीत, प्रियकर येईल त्या रात्री तो हळूहळू उलगडण्याचा बेत ठरतो. हायकू दोन प्रतिमा शेजारी ठेवून गप्प राहतो. शिजो मात्र युक्तिवाद करतो, चेष्टा करतो, प्रसंगी वैरही पत्करतो. १३९२ मध्ये मारल्या गेलेल्या जोंग मोंग-जू या मंत्र्यांचा शिजो म्हणजे कोरियातील गोर्यो राजवंशावरील निष्ठा सोडण्यास दिलेला नकारच आहे.

गट कसे पडतात हे दाखवण्यापुरता एक नमुना जुळवला आहे :

आजीच्या पेटीमध्ये जुने पत्र सापडले
शाईचे निळे डाग घडीवर पसरले
तिकीट कोरेच होते; पत्र तिने राखले

एक अडचण मात्र मराठीचीच आहे. कोरियन हांगुल लिपीत एक चौकट म्हणजे उच्चाराचा एक अवयव, त्यामुळे डोळ्यांनी मोजले काय आणि कानांनी मोजले काय, उत्तर एकच येते. आपण ‘डाग’ची दोन अक्षरे लिहितो आणि एका झटक्यात उच्चारतो, वरचे ‘तिकीट’ही कागदावर तीन अक्षरांचे असले तरी बोलताना दोनच अवयवांचे आहे. ओवी-अभंगाच्या परंपरेप्रमाणे लिहिलेली अक्षरे मोजावीत, असे माझे मत आहे; फक्त कविता मोठ्याने वाचावी आणि तिसऱ्या ओळीच्या आरंभी शक्यतो ‘अजूनी’, ‘तरीही’ यांसारखा, तिन्ही अक्षरे पूर्ण उच्चारली जाणारा शब्द योजावा. माझा नमुना या कसोटीला उतरत नाही, हे कबूल करतो.

यमक आवश्यक नाही. शिजो मुळात गाण्याचा प्रकार आहे आणि त्याच्या नावाचा अर्थही ‘त्या काळाची चाल’ असाच सांगतात. गंमत अशी की पारंपरिक शिजो गायनात तिसऱ्या ओळीचा अखेरचा तीन अक्षरांचा गट सहसा गातच नाहीत, कारण तोवर सांगायचे ते सांगून झालेले असते. तुमच्या रचनांतला तो गट बोटाने झाकून पाहा. कविता तिथेच कोसळत असेल, तर वळण फार उशिरा आले आहे आणि ते ओळीच्या आरंभाकडे सरकवावे लागेल.