राखणदार बाबांना नेईल का?

'आजीच्या गोष्टी बंद करू का?' दिवाळी नाहीतर मे महिन्याची सुट्टी संपली की हा प्रश्न घेऊन एखादी तरी आई माझ्याकडे समुपदेशनाला येतेच. मूल गावी जातं, रानातल्या, देवचाराच्या, वाघोबाच्या धाडसी गोष्टी ऐकून येतं आणि शहरातल्या घरात रात्री दिवा घालवू देत नाही. अशाच एका कुटुंबाबद्दल सांगते. नावगाव आणि काही तपशील बदलले आहेत.

चिन्मय सात वर्षांचा, राहणारा ठाण्याचा. आजी वेंगुर्ल्याकडची. एक मुलगा आजारी बहिणीसाठी मुळी आणायला रात्री देवराईतून, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातून जातो आणि राईचा राखणदार त्याची परीक्षा पाहतो, ही तिची लाडकी गोष्ट. राईतली वाळकी काटकीही उचलायची नाही, हा तिथला नियम. तो मोडणाऱ्या लाकूडतोड्याचं पुढे काय झालं, ते आजी आवाज खाली आणून सांगायच्या. चिन्मयला रोज तीच गोष्ट हवी असायची. मग पावसाळ्याच्या तोंडावर सोसायटीतल्या जांभळाच्या फांद्या छाटल्या गेल्या. त्या रात्रीपासून चिन्मय आईबाबांच्या मध्ये झोपायला लागला, अंथरूण ओलं व्हायला लागलं. वडिलांनी निकाल दिला: ही अंधश्रद्धा पुरे, गोष्टी बंद. आजी रुसल्या. आईची दोन्हीकडून कोंडी.

शाळा, मित्र, जेवण सगळं ठीक होतं. लघवीची तपासणी बालरोगतज्ज्ञांकडून करून घ्यायला सांगितली, तीही स्वच्छ आली. मग चिन्मयला चित्र काढायला दिलं. त्याने झाड काढलं, हातात काठी घेतलेला उंच राखणदार काढला आणि कोपऱ्यात पेन धरलेला एक छोटा माणूस. "हे कोण?" तर म्हणाला, "बाबा. त्यांनीच सही केली." वडील सोसायटीचे सेक्रेटरी. फांद्या छाटण्याच्या अर्जावर त्यांची सही होती आणि ती करताना चिन्मय शेजारी बसलेला होता.

"तू मध्ये झोपतोस ते कशासाठी?"

"मी मध्ये असलो की तो बाबांना नेणार नाही."

पोरगा घाबरून आईच्या कुशीत शिरत नव्हता, तो पहारा देत होता. हे ऐकून बाहेर बसलेले वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

'राखणदार खरा असतो का?' असं दिवसाउजेडी विचारल्यावर चिन्मयने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "गोष्टीतला आहे तो!" लहान मुलं झाडांना, दगडांना, ढगांना जीव आणि मर्जी बहाल करतात. जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने यावर लिहिलं आहे. पण सातव्या वर्षी बहुतेक मुलांना गोष्टीतलं जग वेगळं आणि घरातलं वेगळं हे कळतं. फक्त रात्री ते कळणं पुरत नाही. भूतबीत मानत नाही म्हणणारी मोठी माणसंही अंधारात वडाखालून जाताना पाय उचलतातच की. म्हणून 'असं काही नसतं रे' हे वडिलांचं पालुपद निरुपयोगी ठरत होतं. त्याच्या मनातला प्रश्न राखणदार आहे की नाही हा नव्हताच. चूक झाली तर ती निस्तरता येते का, एवढंच त्याला हवं होतं, आणि गोष्टीत त्याचं उत्तर नव्हतं.

पुढच्या वेळी आजींना बोलावलं. त्या फुरंगटूनच आल्या. मी विचारलं, "गावात फांदी तोडायचीच वेळ आली तर काय करतात हो?"

"मगे? गाऱ्हाणा घालतत ना!"

आणि त्या खुलल्या. देवापुढे उभं राहून 'बा देवा म्हाराजा' म्हणत काम सांगायचं, चुकभूल पदरात घे म्हणायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. कौल लावायचा, म्हणजे देवाची परवानगी विचारायची. उजवा आला तर हात घालायचा, नाहीतर नाही. मग आरवलीच्या वेतोबावर, त्या गावच्या राखणदार देवावर आल्या. त्याला मोठाल्या वहाणा वाहतात, कारण तो रात्रभर गावाच्या राखणीला फिरतो आणि त्या झिजतात. "राखणदार राखता, खाणा नाय," हे आजींचंच वाक्य. 'व्हय म्हाराजा' म्हणताना वडिलांचे ओठही हलले, लहानपणी त्यांनीही ते ओरडलेलं होतंच.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून या रायांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्या नुसत्या धाकाने टिकल्या असं मला वाटत नाही. धाक होता, पण कधी, किती आणि कोणाला विचारून घ्यायचं याची रीतही होती. मुलांच्या गोष्टीत धाक तेवढा उरतो, कारण तो सांगायला रंगतदार. रीत गळून जाते.

आजींनी गोष्ट बंद केली नाही, पुढे नेली. लाकूडतोड्या परत येतो, गाऱ्हाणं घालतो, राखणदार त्याला काम सांगतो. काय काम, ते चिन्मयने ठरवायचं. त्याने जांभळाच्या बिया रुजवायचं ठरवलं. जांभळाचं बी ताजंच लावावं लागतं, आणि हंगाम चालूच होता. पाणी घालायची शिक्षा अर्थातच बाबांना. वडिलांनी त्याला अर्जाची प्रत दाखवली. फांदी वाळून फाटकावर लोंबत होती, शहरातली झाडं जपण्याच्या 1975च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाकडे परवानगी मागितली, माणूस येऊन झाड बघून गेला, हे सगळं सांगितलं.

"म्हणजे बाबांनी विचारलं होतं?" चिन्मयने हे मला तीनतीनदा येऊन सांगितलं.

काही आठवड्यांत तो आपल्या गादीवर गेला. अंथरूण कोरडं राहायला जरा जास्त वेळ लागला. तो लागतोच, त्यावरून मुलाला बोलू नये.

गोष्टी बंद करायला मी क्वचित सांगते. महिना उलटूनही मूल झोपत नसेल, शाळेत जायला नकार देत असेल तर थांबा आणि कुणाला तरी दाखवा. मात्र 'जेवला नाहीस तर राखणदार येईल' हे आजच बंद करा. ती गोष्ट नव्हे, ती धमकी. देवराईतल्या राखणदाराला पोरांनी भाजी संपवली की नाही हे बघायचं काम कोणी दिलेलं नाही.

आजींची आता नवी तक्रार आहे. चिन्मय स्वतः गोष्टी रचून सांगतो आणि त्यांच्यातला राखणदार वाट अडवून आधी अर्ज मागतो. "दोन प्रतींत," त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या.