बेसबॉल खेळाडूंचे पगार अवाच्या सवा आहेत का?

नाहीत. उलट अमेरिकेतल्या मेजर लीगच्या (सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगच्या) संघांकडे असलेल्या निम्म्याहून जास्त पोरांचे, म्हणजे खालच्या मायनर लीगमध्ये खेळणाऱ्यांचे, पगार आत्ताआत्तापर्यंत लाज वाटावी इतके कमी होते.

तुम्ही लिहिलंय की चौघांना घेऊन सामना बघायला गेलात, तिकिटं, पार्किंग, खाणंपिणं धरून तीनशे डॉलरचा खड्डा पडला, आणि घरी येऊन ओटानी या जपानी खेळाडूच्या ७० कोटी डॉलरच्या कराराबद्दल वाचलंत तेव्हा डोकं फिरलं. फिरणारच. पण राग भलत्या माणसावर निघतोय. आमचे साडूभाऊ दर गणपतीला पंगतीत हेच म्हणतात, "चेंडू फेकायचे एवढे पैसे? आणि शाळेतल्या बाईंना काय मिळतं?" घरात पाहुणे असतात, सण असतो, मी गप्प बसतो. आज तुमच्या प्रश्नाच्या निमित्ताने सगळं लिहून टाकतो.

२०१७ चा उन्हाळा. मुलगा नोकरीसाठी शिकागोला गेला होता, वरची खोली रिकामी होती. आमच्या गावापासून पंधरा मिनिटांवर मायनर लीगचा एक सिंगल-ए, म्हणजे खालच्या पायरीचा, संघ खेळायचा. तिथल्या खेळाडूंना मोसमभर घरी ठेवून घेणारी कुटुंबं क्लबला हवी असायची. त्याचे पैसे मिळत नाहीत, सामन्यांचे पास मिळतात. बायको म्हणाली, खोली पडूनच आहे, येऊ दे एखाद्याला. आई तेव्हा सहा महिन्यांसाठी लालबागहून आमच्याकडे आली होती.

आला तो वीस वर्षांचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सान पेद्रो दे माकोरिसचा. वडील उसाच्या मळ्यात तोडणीला. आमच्याकडे येण्याआधी तो दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये आणखी पाच जणांबरोबर राहत होता, हवा भरायच्या गादीवर. इंग्रजी जेमतेम. आईला तर इंग्रजीही नाही आणि स्पॅनिशही नाही. पण पहिल्याच रात्री तिने राजमा-भात वाढला आणि पोराचा चेहरा उजळला. त्यांच्याकडे रोजचं जेवण तेच असतं, भात आणि घेवड्याची आमटी. रात्रीचा सामना संपवून तो अकरा-साडेअकराला घरी यायचा, आणि आई तोपर्यंत जागी. मी सांगायचो, झोप गं, तो घेईल गरम करून. ऐकेल तर शपथ. "दमून येतंय लेकरू," म्हणायची. तो तिला आबुएला, म्हणजे आजी, म्हणायचा, ती त्याला बाळ. "बस" आणि "अजून" हे दोन शब्द तो आठवड्यात शिकला.

जूनमध्ये एका रात्री तो पगाराची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला. मी एका गोदामाच्या कंपनीत पेरोल बघतो हे त्याला माहीत होतं, आणि कशाकशाचे पैसे कापले जातात ते त्याला कळत नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. त्याच्या उजव्या कोपराला बर्फाची पिशवी प्लास्टिकने करकचून बांधलेली, पाणी ठिबकत होतं, त्यातले दोन थेंब चिठ्ठीवर पडून शाई पसरली. महिन्याला १,३०० डॉलर. पंधरवड्याचे साडेसहाशे, कर जाऊन त्याहून कमी. त्यातून क्लबहाउसच्या पोऱ्याला द्यायचे, कारण कपडे धुणं आणि सामन्यानंतरचं खाणं त्याच्याकडे. उरलेल्यातले दोनशे घरी. बाहेरगावी सामना असला की जेवणाचे दिवसाला २५ डॉलर, ते वाचवून तो ब्रेड आणि पीनट बटरवर दिवस काढायचा.

सवयीने मी तास मोजले. दुपारी एकला मैदानावर, रात्री अकराला सुटका, आठवड्यातले सहा-सात दिवस. बसमधल्या रात्री धरल्या नाहीत तरी तासाला पाच डॉलर भरेनात. देशाचं किमान वेतन तेव्हा सव्वासात डॉलर होतं. आमच्या गोदामात खोकी उचलणाऱ्याला कुणी एवढे कमी दिले असते तर माझ्याच टेबलावर खटल्याची नोटीस आली असती.

आई ओट्याशी उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, "बारा महिने मिळतो का पगार?" म्हटलं, नाही, एप्रिल ते सप्टेंबर. वसंतात सराव शिबिर असतं, तिथे पगार नाही. हिवाळ्यात ज्याचं त्याने बघायचं. "आणि कायम कधी करतात?" म्हटलं, वरच्या संघात कुणी दुखापतीने बसला, कुणाचा फॉर्म गेला, तर बोलावणं येतं. नाहीतर नाही. ती म्हणाली, "म्हणजे बदली म्हण की."

ज्यांच्या घरात गिरणी होती त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. माझे वडील सात वर्षं बदली कामगार होते. पाळीच्या वेळेला रोज गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कुणी गैरहजर असला तर त्याच्या साच्यावर काम मिळायचं, नसला तर डबा घेऊन परत घरी. कायम झाले तेव्हा आईने चाळीत पेढे वाटले होते. पुढे १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आणि वडील पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. त्यामुळे "कामगार डोईजड झालेत" हे वाक्य माझ्यापुढे कुणी बोललं तर मला ते झोंबतं, मग कामगार बॅट घेऊन उभा असला तरी.

ऑगस्टमध्ये पोराचं कोपर दुखायला लागलं. क्लबने तपासण्या केल्या, सहा आठवडे विश्रांती दिली, औषधोपचाराचा खर्च केला, हे मान्य. पण ताशी ९५ मैलांचा चेंडू ९० वर आला तो पुन्हा वर गेला नाही. मार्च २०१८ मध्ये सराव शिबिरात सकाळी त्याला खोलीत बोलावून दोन मिनिटांत सांगितलं की करार संपवला, आणि हातात विमानाचं तिकीट दिलं. संध्याकाळी विमानतळावरून त्याने फोन केला तो मला नाही, आईला, मुंबईला. दोघांना एकमेकांचं काय कळलं असेल देव जाणे. आई म्हणाली, रडत होता. त्याच महिन्यात अमेरिकन काँग्रेसने दोन हजारांहून जास्त पानांच्या खर्चाच्या विधेयकात एक तुकडा घुसवून मंजूर केला, नाव 'सेव्ह अमेरिकाज पास्टाइम ॲक्ट'. त्याने मायनर लीगच्या खेळाडूंचा ओव्हरटाइमचा हक्क संपवला, आणि किमान वेतन आठवड्याच्या चाळीस तासांपुरतंच ठेवलं, तेही फक्त मोसमात. मालकांनी त्यासाठी वॉशिंग्टनमध्ये रीतसर पैसे खर्चून वजन टाकलं होतं.

आता वरच्यांकडे येतो, कारण तुम्ही ओटानीबद्दल विचारलंय.

मेजर लीगमध्ये पोहोचलेल्या खेळाडूची पहिली तीन वर्षं साधारणपणे क्लब ठरवेल तोच पगार, म्हणजे किमान किंवा त्याच्या आसपास. २०२५ साठी तो किमान आकडा ७,६०,००० डॉलर होता. हा मोठा आहे, मी नाही म्हणत नाही. पुढची तीन वर्षं पगाराचा वाद लवादाकडे नेता येतो. सहा वर्षं भरली की मगच खुल्या बाजारात, म्हणजे हव्या त्या क्लबकडे. ओटानी २०१८ ला आला, सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि त्या वर्षी त्याला मिळाले ५,४५,००० डॉलर. तेव्हा साडूभाऊ कुठे होते? तेव्हा कुणी म्हणालं का, की याला कमी देताय? डिसेंबर २०२३ चा करार ७० कोटींचा, पण दहा वर्षं तो वर्षाला २० लाखच उचलणार, उरलेले वर्षाला ६ कोटी ८० लाख २०३४ ते २०४३ या काळात, बिनव्याजी. आणि सहा वर्षं भरू नयेत म्हणून क्लब काय करतात? शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटला २०१५ मध्ये मोसम सुरू झाल्यावर थोडे दिवस मुद्दाम खाली मायनर लीगमध्ये ठेवलं. पूर्ण वर्ष धरायला १७२ दिवस लागतात, त्याचे भरले १७१. एका दिवसाने त्याचं स्वातंत्र्य वर्षभर लांबलं.

हे सहा वर्षांचं स्वातंत्र्यसुद्धा कुणी दान दिलेलं नाही. आधी 'रिझर्व्ह क्लॉज' होता. करार संपला तरी खेळाडू क्लबचाच, मालक विकेल तिकडे जायचं. १९२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली. १९६९ मध्ये सेंट लुइस संघाच्या कर्ट फ्लड या खेळाडूला न विचारता फिलाडेल्फिया संघाला देऊन टाकलं. तो तेव्हा वर्षाला ९०,००० डॉलर घेत होता, म्हणजे खाऊनपिऊन सुखी, तरी त्याने लीगच्या प्रमुखाला, कमिशनरला, पत्र लिहून कळवलं की मी विकायची वस्तू नाही. खटला १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी हरला आणि त्याची कारकीर्द त्यात गेली. पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेल्या मार्विन मिलरने १९६६ पासून खेळाडूंची संघटना बांधली. त्या वेळी किमान पगार होता वर्षाला ६,००० डॉलर. १९७५ च्या डिसेंबरमध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरच्या बाजूने निकाल दिला तेव्हा क्लब बदलायचं दार उघडलं. ऐंशीच्या दशकात मालकांनी आपसात संगनमत करून ते पुन्हा लोटायचा प्रयत्न केला आणि शेवटी २८ कोटी डॉलर भरपाई दिली. १९९४ चा खेळाडूंचा संप तर वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, रद्द करून गेला. १९९५ च्या वसंतात मालकांनी बदली खेळाडू आणून मोसम सुरू करायची तयारी केली होती. न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांच्या मनाई हुकुमाने ते थांबलं. हे वाचताना मला दरवेळी वाटतं, परळमध्ये तेव्हा असं एखादं कोर्ट भेटायला हवं होतं.

तुमच्या तीनशे डॉलरबद्दल. पगार कमी केले तर तिकीट स्वस्त होईल हे डोक्यातून काढा. तिकिटाची किंमत लोक किती द्यायला तयार आहेत त्यावर ठरते. कॉलेज फुटबॉलमध्ये कित्येक दशकं खेळाडूंना पगार नव्हता, तिथली तिकिटं फुकट होती का? ओटानीला दिले नाहीत तर ते पैसे मालकाच्या खिशात जातील, शाळेतल्या बाईंपर्यंत एक सेंटही पोहोचणार नाही. आणि जनतेच्या पैशाचंच दुखत असेल तर स्टेडियमकडे बघा. २०२३ मध्ये नेव्हाडा राज्याने ॲथलेटिक्स संघाच्या लास वेगासमधल्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी पैसा मंजूर केला. त्यावर पंगतीत एकदाही चर्चा झालेली मी ऐकली नाही.

माझी आकडेमोड २०१७ ची आहे, हे सांगायला हवं. २०२२ पासून क्लबना मायनर लीगच्या खेळाडूंची राहायची सोय करावी लागते. त्याच वर्षी ही पोरं संघटनेत आली, जुन्या वेतनाचा खटला १८ कोटी ५० लाखांवर मिटला, आणि २०२३ च्या पहिल्या करारात सिंगल-एचा वार्षिक पगार २६,२०० झाला, सगळ्यात वरच्या पायरीच्या ट्रिपल-एचा ३५,८००. पूर्वीच्या मानाने दुप्पट-तिप्पट. त्याबरोबर गावोगावचे चाळीसेक मायनर लीग संघ मोठ्या लीगने आधीच मोडीत काढले होते, तेही लक्षात असू द्या. श्रीमंत संघ आणि गरीब संघ यांच्यातली दरी खरी आहे, ती कशी बुजवायची यावर माझं मत पक्कं नाही. पण पगारावर कमाल मर्यादा घाला म्हणणारे मालक स्वतःच्या नफ्याच्या वह्या उघडत नाहीत, तोवर मी खेळाडूंच्याच बाजूला.

साडूभाऊ, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. ती चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे, शाई पसरलेली. या गणपतीला आलात की आरतीआधी दाखवतो.

आणि प्रश्न विचारणाऱ्या भाऊ, मुलांना बेसबॉल दाखवायचा असेल तर जवळच्या मायनर लीगच्या मैदानावर न्या. तिकीट परवडतं. सामन्याच्या तासभर आधी जाऊन पिचर सराव करतात त्या कुंपणाला लागून बसा. तिथून चेंडू मिटमध्ये (झेलायच्या हातमोज्यात) बसल्याचा आवाज ऐकू येतो, आणि मुलांनी हाक मारली तर पोरं थांबून बोलतात. स्पॅनिशमध्ये 'ओला', म्हणजे नमस्कार, म्हटलंत तर जास्तच.