जुन्या सोलारिसवर पोस्टग्रेस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सोलारिस १० या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टमवर पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर मूळ कोडपासून कंपाइल करतोय. 'कॉन्फिगर' विनातक्रार पार पडलं, पण 'मेक' दिलं की 'जीएनयू मेक वापरा' असं सांगून थांबतं. मशीनवर मेक तर आहे!

उत्तर : आहे, पण ते सोलारिसचं स्वतःचं. मेक म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बांधणारं साधन, आणि पोस्टग्रेसच्या मेकफाइली, म्हणजे त्याला दिलेल्या सूचना, जीएनयू मेकसाठी लिहिलेल्या असतात. सोलारिस १० वर ते 'जीमेक' या नावाने '/यूएसआर/एसएफडब्ल्यू/बिन'मध्ये सापडेल. ही डिरेक्टरी पाथमध्ये घाला आणि '/यूएसआर/सीसीएस/बिन'सुद्धा, कारण लायब्ररी बांधणारं 'एआर' तिथे असतं. मग कॉन्फिगरपासून पुन्हा सुरुवात करा. इन्स्टॉल करण्याआधी 'जीमेक चेक', म्हणजे पोस्टग्रेसच्या चाचण्या, चालवायला विसरू नका. जुन्या मशीनवर त्याला वेळ लागतो, लागू द्या. कंपायलरने गुपचूप केलेली चूक पकडायची हीच जागा आहे.

प्रश्न : सोलारिस ९, पोस्टग्रेस ८.४. सर्व्हर छान चालू होता. 'मॅक्स कनेक्शन्स' १०० केलं आणि आता तो 'डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही' म्हणत उठतच नाही. डिस्क अर्धी रिकामी आहे. कोणत्या फाइली उडवू?

उत्तर : एकही उडवू नका! या संदेशाचा डिस्कशी काहीही संबंध नाही. त्याच्या आसपासच्या ओळी वाचा, तिथे 'सेमगेट' हा शब्द दिसेल. कर्नलकडचे सेमाफोर (प्रोसेसना आपापली पाळी पाळायला लावणारे काउंटर) संपले की तो हाच एरर कोड परत करतो, आणि त्या कोडचं ठरलेलं वाक्य 'जागा नाही' असं आहे.

हिशेब करून बघा. पोस्टग्रेस सेमाफोर १६-१६ च्या संचात घेतं आणि प्रत्येक संचात ओळखीसाठी एक जादा, म्हणजे १७. १०० कनेक्शनना ७ संच, म्हणजे ११९ सेमाफोर. सोलारिस ९ वर मूळ मर्यादा ६० ची. नवा डेटाबेस तयार करणारं 'इनिटडीबी' कनेक्शनचे आकडे उतरवत उतरवत जे बसेल ते ठरवतं, म्हणून तुमच्याकडे आधी बहुधा ४० असेल: ३ संच, ५१ सेमाफोर, मर्यादेच्या आत.

उपाय '/इटीसी/सिस्टम' या फाइलमध्ये आहे. 'सेमएमएनआय' (संचांची मर्यादा) आणि 'सेमएमएनएस' (एकूण सेमाफोरची मर्यादा) दोन्ही ५१२ करा आणि मशीन रीबूट करा. फाइल बदलण्याआधी तिची प्रत ठेवा, कारण त्यातली चूक थेट बूट होताना भोवते. 'शेमगेट'वर 'अवैध आर्ग्युमेंट' आलं तर मात्र दोष शेअर्ड मेमरीच्या (अनेक प्रोसेस मिळून वापरतात त्या मेमरीच्या) मर्यादेचा, म्हणजे 'शेममॅक्स'चा. सोलारिस १० वर हे सगळं 'प्रोजेक्ट'मधून, म्हणजे युजरला नेमून दिलेल्या मर्यादांच्या गटातून, ठरतं आणि रीबूटही लागत नाही, पोस्टग्रेसच्या युजरने नव्याने लॉगिन केलं की पुरतं.

प्रश्न : सर्व्हर अडकला म्हणून 'किल -९' दिलं. आता सुरू करताना जुनी शेअर्ड मेमरी वापरात आहे म्हणतो. 'पोस्टमास्टर.पीआयडी' पुसून टाकू का?

उत्तर : थांबा. पोस्टमास्टर म्हणजे पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस; तो मेला तरी त्याची पोरं, म्हणजे त्याने सुरू केलेल्या प्रोसेस, जिवंत असू शकतात. आधी 'पीएस'ने पोस्टग्रेसच्या उरलेल्या प्रोसेस शोधा आणि त्यांना साध्या 'किल'ने बंद करा. एकही उरली नाही याची खात्री झाली की सर्व्हर सुरू करून बघा, बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं. मेमरीचा तुकडा मागे राहिलाच तर 'आयपीसीएस'ने शोधून 'आयपीसीआरएम'ने काढा. 'पोस्टमास्टर.पीआयडी' ही फाइल म्हणजे कुलूप आहे. एका ठिकाणी घाईत कुणीतरी ती पुसली आणि जुने बॅकएंड (मागे उरलेली पोरं) व नवा पोस्टमास्टर एकाच डेटावर लिहू लागले. इंडेक्स बिघडले, शेवटी आम्हाला बॅकअपवरून सगळं उभं करावं लागलं. ते दोन दिवस मी विसरलेलो नाही. यापुढे लगेच बंद करायचं असेल तर पोस्टमास्टरला 'किल -आयएनटी' द्या.

प्रश्न : मग नवीन आवृत्तीच घेतली तर?

उत्तर : पोस्टग्रेस १२ पासून सी९९ (सी भाषेचं १९९९ चं मानक) समजणारा कंपायलर लागतो, फार जुन्या जीसीसी कंपायलरवर तिथेच अडू शकाल. ९.३ पासून शेअर्ड मेमरीची मोठी मागणी संपली, पण सेमाफोरचा हिशेब तसाच राहिला. ८.४ चा सपोर्ट २०१४ मध्ये संपला आहे, तेव्हा नवी आवृत्ती बसवेपर्यंत हा सर्व्हर उघड्या नेटवर्कवर ठेवू नका आणि 'पीजी-डंप'ने घेतलेला बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून बघा.