शू बदलण्याआधी थंड चाक शोध

ट्रेलरचे ब्रेक शू (चाकाच्या ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) एवढ्यात संपले, तर नवे बसवायची घाई करू नकोस. आधी सांग, चारही चाकांचे सारखे झिजलेत का? तसं असेल तर गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरचा गेन, म्हणजे ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकला किती जोर द्यायचा ती सेटिंग, जास्त असणार. मग ओढणाऱ्या गाडीला थांबवायचं कामही ट्रेलरच करतो.

एकाच चाकाचे गेले असतील तर वीसेक मैल चालव, दोन-चार वेळा ब्रेक लाव आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक ड्रम बघ. फार गरम असेल तो घासतोय. जॅक चॅसीखाली लाव, ॲक्सलखाली नको. चाक हाताने फिरव. हलकी खरखर चालेल, अडकायला नको. अडकलं तर गाडी आणि ट्रेलर जोडणारा विजेचा सात पिनचा प्लग काढून पुन्हा फिरव. आता मोकळं फिरलं, तर दोष वायरिंगमध्ये किंवा कंट्रोलरमध्ये.

थंड ड्रम मात्र नक्की उघड. तो ब्रेक कामच करत नाही, त्याचा भार बाकीचे तीन वाहतात. माझ्याकडे डाव्या मागच्या ड्रममध्ये शूवर काळं, चिकट ग्रीस निघालं. ग्रीस गन जोरात मारल्याने बेअरिंगचं ग्रीस अडवणारं सील फुटलं होतं. असे शू पुसून वापरू नकोस रे, त्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदल.