‘एकट्याने’ हा शब्द खोड, मग फॉर्म पाठव

प्रिय पोरी,

तुझा मेसेज परवाच वाचला होता, पण तू जोडलेली पुरस्काराच्या नॉमिनेशनची फाईल दोनदा नीट वाचून मगच लिहायचं ठरवलं, म्हणून उशीर झाला. आधी आनंदाचं सांगतो. फॉरेस्टच्या नर्सरीत अख्खी नोकरी काढलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी तुझ्या वयाचं कुणी रात्री बसून फॉर्म भरतंय, कागद गोळा करतंय, हे बघून फार बरं वाटलं. पण फाईल अजून पाठवू नकोस. पहिल्याच पानावर तू लिहिलंयस की त्यांनी ‘एकट्याने’ ते रान उभं केलं. तो शब्द आधी खोड.

मी हे माझ्याच चुकीतून शिकलोय. खूप वर्षांपूर्वी एका रिटायर्ड वनरक्षकासाठी मी असाच प्रस्ताव लिहिला होता, त्यात ‘एकहाती’ असं अगदी ठसक्यात लिहिलं, पुरस्कार मिळाला, सत्कार झाला, मानपत्रात माझीच वाक्यं वाचून दाखवली आणि मी खुशीत स्टेजवरून खाली उतरलो तर साठीच्या पुढची एक बाई जवळ आली आणि आवाज जराही न चढवता म्हणाली, साहेब, मग हंडे घेऊन तो चढ चढायचो त्या आम्ही कोण होतो? त्या वनरक्षकाने मला सगळ्या बायकांची नावं सांगितली होती गं. फॉर्मवर जागा कमी होती म्हणून मीच गाळली. वर्षभराने नावं परत गोळा करायला गेलो तेव्हा तो वनरक्षक गेलेला होता, मजुरीचं मस्टर कुणाकडे नव्हतं, आणि ज्या दोघी भेटल्या त्यांना बाकीच्यांची नुसती माहेरची नावं आठवत होती. आज त्या रानाबद्दल कागदावर असलेली एकुलती एक गोष्ट म्हणजे माझं ते मानपत्र, आणि ते अर्धवट आहे.

म्हणून तुला सांगतोय, हा फॉर्म म्हणजे शिफारसपत्र नाही, हा त्या जंगलाच्या इतिहासाचा कागद आहे असं समजून लिही. पुरस्कार कुणाला मिळतो, नाही मिळत, ते वर्ष निघून जातं. कागद मात्र राहतो आणि पुढे जो कुणी शोधायला येईल तो त्यावरच विश्वास ठेवणार.

राजस्थानातल्या खेजडली गावाचं उदाहरण घे. १७३० साली जोधपूरच्या राजाच्या बांधकामाला चुना भाजायचा होता, त्यासाठी लाकूड हवं म्हणून माणसं खेजडीची झाडं तोडायला आली, अमृतादेवी आणि तिच्या मुली झाडांना बिलगून उभ्या राहिल्या, आणि एकूण ३६३ बिष्णोई माणसं मारली गेली. आज अमृतादेवीच्या नावाने केंद्र सरकारचा वन्यजीव संरक्षणाचा पुरस्कार आहे आणि तो असायलाच हवा, नाव असतं म्हणून तर लोक विचारतात की ही कोण होती. पण ते नाव वाचणाऱ्या किती जणांना ३६३ हा आकडा माहीत असतो? नाव दारासारखं असतं, आत माणसं आहेत हे लिहिणाऱ्याने दाखवायचं असतं.

याच्या उलट चिपकोचं, म्हणजे झाडांना मिठी मारून तोड थांबवणाऱ्या आंदोलनाचं बघ. १९७४च्या मार्चमध्ये रेणी गावात पुरुष बाहेर असताना गौरादेवी आणि तिच्यासोबतच्या बायकांनी ठेकेदाराच्या माणसांना परत पाठवलं. चिपकोचे एक नेते चंडीप्रसाद भट्ट यांना १९८२ साली मॅगसेसे मिळाला, तोही योग्यच होता, पण १९८७चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार कुणा एकाला न देता सरळ चिपको आंदोलनालाच दिला गेला, आणि मला तो निर्णय आजही फार आवडतो. म्हणजे समूहाला मान देता येतो. तुझ्या फॉर्ममध्ये व्यक्तीच्याच नावाचा रकाना असला तरी वर्णनाच्या रकान्यात समूह आणता येतोच की.

आता तू विचारलंयस की जंगलाच्या इतिहासावर काम करणाऱ्यांना, म्हणजे झाडं लावणारे नाही तर लिहिणारे, कागद जपणारे, त्यांना कुणी पुरस्कार देतं का. देतात. अमेरिकेत फॉरेस्ट हिस्टरी सोसायटी म्हणून १९४६ साली सुरू झालेली संस्था आहे, तिचे पुस्तकासाठी वेगळे, लेखासाठी वेगळे आणि पत्रकारितेसाठी वेगळे असे पुरस्कार आहेत. लेखासाठीच्या एका पुरस्काराचं नाव लिओपोल्ड-हायडी, तो ही संस्था आणि तिथली पर्यावरण इतिहासकारांची संघटना मिळून देतात. आल्डो लिओपोल्ड फॉरेस्टर होता आणि राल्फ हायडी उद्योगधंद्यांचा इतिहास लिहिणारा. मला ही जोडी फार बोलकी वाटते, कारण जंगलाचा इतिहास झाडाचा तेवढाच लाकडाचाही असतो, कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, कुणी घेतला, दर काय होता, ओंडके कशातून गेले, हे सोडून नुसतं हिरवं हिरवं लिहिलं तर तो इतिहास होत नाही.

तो पुरस्कार २००१ साली इतिहासकार रामचंद्र गुहांच्या लेखाला मिळाला. विषय काय होता माहितीय? भारतात लोकांच्या सहभागाने जंगल सांभाळायची कल्पना नवी नाही, हा. डीट्रिख ब्रँडिस नावाचा जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञ १८६४ साली इथला पहिला इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट झाला आणि तो सरकारला परत परत सांगत होता की गावांना त्यांची स्वतःची जंगलं द्या. त्याचं फारसं ऐकलं गेलं नाही. १८७८चा वनकायदा सरकारच्या ताब्याच्या बाजूने झुकला आणि गावांचे हक्क म्हणजे सवलती होऊन बसल्या. गुहांनी ते हरलेलं म्हणणं जुन्या सरकारी कागदांतून वर काढलं. ते कागद कुणीतरी सव्वाशे वर्षं जपले होते म्हणून हे झालं, त्या जपणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत.

आणि हे नुसतं विद्वानांपुरतं आहे असं समजू नकोस. २००६च्या वनहक्क कायद्याचे जे नियम २००८ला आले त्यात दाव्यासाठी चालणाऱ्या पुराव्यांची यादी आहे, त्यात गॅझेटिअर, नकाशे, वनखात्याच्या कार्य आयोजना (वर्किंग प्लॅन) यांच्याबरोबर गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं लिहून घेतलेलं म्हणणंही पुरावा म्हणून चालतं, फक्त ती माणसं दावेदार नकोत. म्हणजे तू आज ज्या आजोबांशी बोलतेयस त्यांचा शब्द उद्या कुणाच्या तरी हक्काला उपयोगी पडू शकतो.

तर काम असं कर. त्यांच्याकडे परत जा, रेकॉर्डिंगची परवानगी घे, आणि ‘तुम्हाला जंगलाबद्दल काय वाटतं’ असलं काही विचारू नकोस, कामाचं विचार. बिया कुठल्या झाडाच्या घ्यायचे, कुठल्या महिन्यात, पिशव्या कोण भरायचं, मजुरी किती होती, वणवा लागला त्या वर्षी काय काय गेलं. कर्नाटकातल्या तुळसी गौडांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळीकडे त्यांच्या अनवाणी पायांचेच फोटो फिरले, पण त्यांचं खरं मोठेपण मातृवृक्ष ओळखण्यात होतं, बी कुठल्या झाडाखालचं आणि कधी उचलायचं हे त्यांना कळायचं, आणि ते त्या दशकानुदशकं रोजंदारीवर नर्सरीत राबून शिकल्या होत्या. हे तुझ्या फाईलमध्ये यायला हवं. ‘निसर्गपुत्र’ हा शब्द तू पाच वेळा वापरलायस, त्यातल्या प्रत्येक जागी एक काम लिही.

लोक तिथल्या नाल्याला, टेकाडाला काय म्हणतात तेही लिही, फक्त वनखात्याचा कक्ष क्रमांक टाकून सोडू नकोस. शब्द हासुद्धा वारसाच आहे. मारुती चितमपल्लींनी फॉरेस्टची नोकरी करता करता पाखरांची, झाडांची लोकांच्या तोंडची नावं गोळा केली, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार असे शब्द मराठीला दिले. त्यांना पद्मश्री २०२५ साली मिळाली, वय ९२, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. पुरस्कार उशिरा येतात, पण नोंदी त्यांनी वेळेवर केल्या होत्या म्हणून आज त्या आपल्याकडे आहेत.

कागदांचं थोडक्यात. जुने फोटो, ओळखपत्र, बदलीचे आदेश, सगळ्यांचे तिथेच बसून मोबाईलवर फोटो काढ, मूळ कागद त्यांच्या घरातून बाहेर नेऊ नकोस आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, त्याने जुना कागद कायमचा खराब होतो. फोटोच्या मागे पेन्सिलीने कोण, कुठे, साल एवढं लिही, बॉलपेन नको. रेकॉर्डिंगची एक कॉपी कुटुंबाला दे, एक अशा ठिकाणी ठेव जिथे दुसऱ्या कुणालाही मागता येईल, तुझ्या लॅपटॉपवर पडून राहिलेली फाईल उद्या हार्डडिस्क गेली की संपली.

आणि अशा लेखाच्या पुरस्कारासाठी तुझ्या स्वतःच्या अर्जाबद्दल. लाजू नकोस, कर अर्ज, फक्त आजोबांची फाईल पूर्ण झाल्यावर कर. एवढं सगळं जमवलंस की तुझा स्वतःचा लेख त्यातूनच उभा राहील, त्यासाठी वेगळं काही शोधावं लागणार नाही.

नवीन ड्राफ्ट झाला की मला पाठव, मी मार्जिनमध्ये खुणा करून देतो. त्या आधी आजोबांना एवढं नक्की विचार, रोपांना पाणी कुठल्या ओढ्यावरून यायचं आणि ते कोण आणायचं. नावं पूर्ण घे, माहेरची आणि सासरची दोन्ही.

तुझा,
सर